निर्जन म्हणजे स्वच्छ

४ नोव्हेंबर

ती. आत्यास,

नमस्कार, आणि उशिराबद्दल आधीच कान पकडते. तुझं मागचं पत्र टेबलाच्या खणात इतके दिवस पडून होतं की तो खण उघडायची लाज वाटायला लागली. तुमच्याकडे फोन लागत नाही ही मोठीच सोय आहे. लागत असता तर तू रोज झापलं असतंस.

बातमी चांगली आहे. आमच्या माहिती कार्यालयानं जिल्ह्याचं पुस्तक काढायचं ठरवलंय, आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. भूगोल, कारभार, अर्थव्यवस्था असं सगळं त्यात येणार. डोंगर कुठले, खाड्या कुठल्या, रस्ते-पाणी-लाँच कोणतं खातं बघतं, मीठ, मासळी, बर्फाचे कारखाने आणि आता हे पर्यटन. साहेब म्हणतात, वाचणाऱ्यानं पुस्तक मिटून लगेच बॅग भरायला घेतली पाहिजे. दिवसभर मी आकडे गोळा करते आणि घरी येऊन विशेषणं शोधते.

पुढच्या आठवड्यात आमचा फोटोवाला लाँचनं तुमच्याकडे येईल. तुमच्या खडकामागून सूर्य बुडताना फार छान दिसतो, हे मीच त्याला सांगितलंय. माणूस भला आहे, पण बडबड्या. म्हणून एक सांगते, रागावू नकोस. त्याच्याशी घरचं काही बोलत बसू नकोस. ऑफिसात एकाचं दहा होतं. मी तिकडची आहे हे इथं कोणाला ठाऊक नाही, आणि मुद्दाम सांगायचं काही कारणही नाही.

आतोबांचा खोकला कसा आहे?

तुझी,
खारूताई

---

१५ नोव्हेंबर

चि. खारूताईस,

पोटभर आशीर्वाद. कान सोड आता, दुखतील.

घोटाळा झाला बघ. तुझं पत्र आणि तुझा फोटोवाला एकाच लाँचनं आले. आधी पाहुण्याला चहा दिला, मग पत्र फोडलं. तोवर जे बोलायचं नव्हतं ते सगळं बोलून झालं होतं!

काय काय सांगितलं ते लिहिते, म्हणजे तुला तयारीत राहता येईल. पुस्तक लिहिणारी आमचीच, माझ्या भावाची लेक, हे सांगितलं. आई लहानपणी गेली, बाप बोटीवर, म्हणून मीच वाढवली, हे सांगितलं. ह्याच धक्क्यावरून रोज लाँचनं शाळेत जायची, हेही. पहिल्या दिवशी तू धक्क्याचा खांब सोडेनास आणि आतोबांनी तुझं एकेक बोट सोडवलं, ते ऐकून तर तो फारच हसला. खांब कुठला ते बघूनही आला.

मग मला उलट्या होडीवर बसवून फोटो काढला, मांडीवर जाळं घेऊन. मी म्हटलं, अहो, मागे घरावरचं निळं प्लॅस्टिक येईल. तो म्हणाला, येऊ दे, रंग छान दिसतो. आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते, त्यांना कोणी विचारलं नाही. खोकला बरा आहे, रुसवा अजून उतरला नाही.

खारे, तुला आमची लाज वाटते का गं? सहज विचारलं. ऑफिसच्या गोष्टी ऑफिसला ठाऊक.

तुझी आत्या

---

२ डिसेंबर

ती. आत्यास,

नमस्कार. लाज कसली? काहीतरीच तुझं. कामाच्या जागी घरचं आणू नये एवढंच. फोटोवाल्यालाही तेच सांगितलंय, त्यानं अजून ऑफिसात तोंड उघडलेलं नाही.

पुस्तक छापायला गेलं. फोटो निवडायची बैठक झाली, साहेब खूश आहेत. तुझा फोटो छान आला होता, पण पानाच्या मापात बसवताना एक बाजू कापावी लागली. नेमकी तू त्या बाजूला होतीस. होडीचं टोक राहिलंय, ते तुला ओळखू येईल. सूर्य मात्र पूर्ण आलाय.

त्याखाली मी लिहिलंय ते तुझ्यासाठी उतरवते: ‘उंच खडकांच्या कुशीत दडलेला हा निर्जन, अस्पर्श किनारा पाहिल्यावाचून जिल्ह्याची भेट पुरी होत नाही.’ साहेबांनी ‘निर्जन’खाली रेघ मारली आणि म्हणाले, वा. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मला वा मिळाला तो ह्या एका शब्दासाठी.

आतोबांना सांग, पुढच्या पुस्तकात त्यांचा फोटो पहिल्या पानावर.

तुझी,
खारूताई

---

६ जानेवारी

चि. खारूताईस,

आज आशीर्वाद हातानं द्यायला हवे होते, पाठ थोपटून!

पुस्तक आलं. लाँचवाल्यानं धक्क्यावरूनच ओरडून सांगितलं, वहिनी, तुमच्या लेकीचं पुस्तक! हात पुसायलाही वेळ नाही मिळाला, ओल्या हातांनीच घेतलं, कोपरा जरा फुगलाय. धक्क्यावर बसून मी सगळ्यांना वाचून दाखवलं. आपल्या जिल्ह्यात एवढे उद्योग आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. आपल्या किनाऱ्याचं पान आलं तेव्हा दोनदा वाचायला लावलं.

आता गंमत ऐक. सगळे विचारायला लागले, निर्जन म्हणजे काय. मी चौथी शिकलेली, म्हणजे इथली पंडितीण. म्हटलं, अहो, दवाखान्यात सुयांच्या डब्यावर निर्जंतुक लिहिलेलं असतं ना, त्याच घरातला शब्द. निर्जन म्हणजे स्वच्छ. सगळ्यांना एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी अख्खा धक्का झाडून काढला. छापलंय म्हटल्यावर कोणी बघायला आलं तर तुझा शब्द खोटा पडायला नको. आतोबांचा रुसवाही गेला. होडीचा रंग उरला होता, त्यानं लाँचच्या शेडच्या भिंतीवर त्यांनी हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘आमची वस्ती निर्जन आहे. ती तशीच ठेवा.’

लाँचमधली माणसं वाचतात आणि हसतात. कौतुक वाटत असणार.

तुझी आत्या

---

२० जानेवारी

ती. आत्यास,

नमस्कार. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. ऑफिसात फार गडबड आहे.

भिंतीवरचं ते पुसून टाका ना, आतोबांना सांग. सरकारी शेड आहे, उगाच कोणी बोलायला नको. निर्जन हा शब्द तसा पुस्तकी आहे, शांत अशा अर्थाचा. तू सांगितलंस त्याच्यापासून फार लांब नाही. पण भिंतीवर नको. आणि पुस्तक सगळ्यांना दाखवत बसू नकोस, ते बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. इथल्यांनी वाचावं असं त्यात काही नाही.

घाईत आहे.

खारूताई

---

१८ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

आशीर्वाद. कसं लिहू कळत नाही, मान वर करवत नाही.

लाँचचं नवं वेळापत्रक येतंय, त्याचा कागद शेडमध्ये लागलाय. जिथं वस्ती नाही तिथं लाँच थांबणार नाही, आणि त्या यादीत आपला धक्का आहे. मी लाँचवाल्याशी भांडायला गेले. म्हटलं, डोळे फुटलेत का तुमच्या साहेबांचे? तो बिचारा खाली बघत म्हणाला, वहिनी, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय की. पुस्तकातही तेच आहे, वेळापत्रक करणाऱ्यांनी पुस्तक बघून यादी केली. निर्जन म्हणजे जिथं माणूसच नाही ती जागा.

सगळे उभे होते गं भोवती. तू पुसा म्हणाली होतीस तरी दीड महिना आम्ही भिंतीवर लिहून ठेवलं होतं की इथं माणसं नाहीत, तसंच राहू द्या. येणारा-जाणारा हसत होता आणि मी त्यांना हात हलवून दाखवत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आतोबांनी डबा काढला आणि ते सगळं काळ्या रंगानं मिटवलं. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लाँच गेली तर काय राहतं ते तुला सांगायला नको. पोरांची शाळा, मासळीचा बाजार, आतोबांचा दवाखाना, सगळं लाँचवर. डोंगरावरून पायवाटेनं जायचं तर धडधाकट माणूस दमतो. आणि टपालाची पिशवी लाँचनंच येते, म्हणजे तू आणि मीही संपलो.

लोक तुझ्याबद्दल नको ते बोलले. मी सांगितलं, माझ्या पोरीनं असं लिहिलेलं नाही, वरच्यावर काहीतरी घोटाळा झालाय. यादी पुस्तकावरून केलेली, म्हणून हरकती ऐकायला दहा मार्चला तुमच्याच ऑफिसात, तुमच्या साहेबांपुढे सुनावणी आहे म्हणे. तू आहेस ना तिथं? साहेबांना नुसतं एवढं म्हण, की मी तिथली, मी तिथं वाढले. बाकी काही बोलावं लागणार नाही.

तुझी आत्या

---

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. पत्र वाचून फार वाईट वाटलं. चूक छापखान्याची आहे. मी ‘निवांत’ लिहिलं होतं, त्यांनी ‘निर्जन’ करून टाकलं. तू लोकांना हेच सांग.

साहेबांशी मी बोलणं बरं दिसणार नाही. पुस्तक माझं, हरकत माझ्या घरची, असं झालं तर ते वाटेल तो अर्थ काढतील. सुनावणीला वस्तीतर्फे अर्ज घेऊन एक माणूस आला की पुरे. आत्या, तू मात्र येऊ नकोस. एवढी दगदग कशाला? जिने चढायचे, ताटकळत बसायचं. दुसऱ्या कोणाला तरी पाठव.

खारूताई

---

३ मार्च

चि. खारूताईस,

आशीर्वाद.

फोटोवाला येऊन गेला. माझा फोटो घेऊन आला होता, न कापलेला. मी, होडी, निळं प्लॅस्टिक, आणि कडेला दारात इस्त्रीचा शर्ट. आतोबाही आलेत त्यात, त्यांना पत्ताच नव्हता. मी त्याला तुझ्या बैठकीचं विचारलं. तासभर बसला होता.

छापखान्याची चूक म्हणतेस, बरं. तसंच सांगेन.

सुनावणीला मीच येणार. दुसरं कोणी तयार नाही. शब्दाचा अर्थ हिनं सांगितला, आता निस्तरू दे हिला, असं सगळ्यांचं म्हणणं, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. तू घाबरू नकोस. तुझ्या ऑफिसात मी कोणाची कोणी नाही.

आत्या

---

११ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू?

काल तू चपला दाराबाहेर काढून आत आलीस. तिथं कोणी काढत नाही, सगळे वळून तुझ्या पायांकडे बघायला लागले. मी साहेबांच्या डाव्या हाताला बसले होते, कोण काय बोललं ते लिहून घ्यायला. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, आणि मग नाही.

साहेबांनी विचारलं, बाई, कुठून आलात? तू म्हणालीस, ‘त्या निर्जन किनाऱ्यावरून, साहेब.’ सगळे हसले. तुला दुसरं कसं सांगावं ते सुचलं नसेल, आणि ते तुला हसत होते. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी खाली मान घालून लिहीत राहिले. मग त्यांनी विचारलं, वस्ती आहे तर पुस्तकात असं कसं आलं? तू म्हणालीस, छापखान्याची चूक, तिथं निवांत होतं. साहेब म्हणाले, तुम्हाला हे कोणी सांगितलं? आमच्याकडे ओळखीचं आहे का तुमच्या कोणी?

‘कोणी नाही, साहेब.’

मी ते लिहून घेतलं, आत्या. माझ्या हातानं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या फोटोवाल्यानं मान खाली घातली, तेव्हा मला कळलं की तुला सगळं ठाऊक आहे.

तरीही मला सांगू दे. फोटो निवडायच्या बैठकीत तुझा फोटो भिंतीवर मोठा करून लावला होता. आमचा हेडक्लार्क तुमच्या निळ्या प्लॅस्टिकवरून काहीतरी बोलला, सगळे हसले, मीही हसले. त्या प्लॅस्टिकखाली बसून मी परीक्षांचा अभ्यास केला होता. साहेबांनी विचारलं, ही बाई कोण? इथं वस्ती आहे का? सगळ्यांना वाटायचं मी शहरातली. आणि मी म्हणाले, कोणी नाही, साहेब. येतं कधीमधी कोणी जाळी वाळवायला. त्याच साहेबांना, त्याच टेबलाशी. म्हणून कापली ती बाजू. छापखान्यानं काही केलेलं नाही.

अजून आहे. तू निघालीस तशी मी मागोमाग अर्धा जिना उतरले. खाली अंगणातल्या नळाशी तू ओंजळीनं पाणी पीत होतीस. सकाळपासून तुला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मागून ऑफिसातल्या लोकांचे आवाज आले. मी परत वर गेले. बैठकीतलं तोंडातून निसटलं असं म्हणता येईल गं. हे नाही म्हणता येत. तुला पाठमोरी बघत होते आणि तरी वर गेले. शी! मला माझीच किळस वाटते.

निर्णय असा झालाय, की जागेवर जाऊन वस्तीची खात्री करायची, मग वेळापत्रक नक्की करायचं. साहेब म्हणाले, पुस्तक हिनं लिहिलंय, हीच जाईल. मी हो म्हटलं. आणखी काही म्हटलं नाही. सव्वीस तारखेच्या लाँचनं येतेय. बरोबर फोटोवाला आहे आणि तो हेडक्लार्कही. लाँचची काळजी करू नकोस, घरं काय, कोणालाही दिसतील.

पण मी तुझ्यासमोर कशी उभी राहू? तू म्हणशील तसं करते. तू म्हणालीस तर ओळख न दाखवता पाहणी करून परत जाईन.

खारूताई

---

१९ मार्च

खारे,

आशीर्वाद आहेतच, ते काही बंद होत नाहीत.

फोटोवाल्यावर चिडू नकोस. त्याच्या तोंडून सुटून गेलं, मग बिचाऱ्यानं जीभ चावली, चहाही घेतला नाही. मला वाईट वाटलं. फार वाटलं. रात्री आतोबा विचारत होते काय झालं, त्यांना सांगताना मलाच लाज वाटली, केलंस तू तरी. वाटलं नाही असं तुझ्या समाधानासाठी खोटं लिहिणार नाही. खोटं लिहायचं काम आपल्या घरात तुझ्याकडे आहे. तेही धड जमत नाही तुला. निवांतचं निर्जन छापखान्यानं केलं म्हणालीस, आणि डिसेंबरच्या पत्रात तोच शब्द तुझ्या अक्षरात आहे, वर साहेबांचा वा. पुढच्या वेळी थाप मारशील तर आधीची पत्रं आठवून मार.

आणि मला काही सुचलं नाही म्हणून मी निर्जन किनाऱ्यावरून असं म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं? मुद्दाम म्हटलं. लाँचमध्ये पाठ करत आले होते. हसावं म्हणूनच म्हटलं. ज्या बाईला माणसं हसली, ती बाई नाही असं त्यांना मग म्हणता येत नाही.

दुसरं जे म्हटलं, ‘कोणी नाही, साहेब’, त्याचं मात्र सांगते. तुला वाटत असेल, आत्यानं मला वाचवलं. निम्मं तसंच. तुझी नोकरी आहे, तुझं तिथं नाव आहे. पण निम्मं तुला लागावं म्हणून म्हटलं. तुझं पेन थांबतं का ते बघत होते. नाही थांबलं. मग नळापाशी माझी मलाच शरम वाटली, की लेकराला आपण भर सभेत चिमटा काढला. जिन्यात तुझी पावलं वाजली तेव्हा ओळखली होती मी. धक्क्यावरच्या पायऱ्या उतरताना तू लहानपणापासून एक पाय जोरात टाकतेस. मीही वळले नाही. तेव्हा आता एकटीच्या नावावर सगळं घेऊ नकोस.

सव्वीसला ये. ओळख दाखवू की नको, असं विचारतेस. हे मी सांगायचं असतं का गं?

इथलं कसं आहे ते सांगते. लाँच लागली की सगळी वस्ती धक्क्यावर असते. त्या दिवशी तर झाडून सगळे असतील. आतोबा इस्त्री करून ठेवतायत. नवं कोणी उतरलं की एकच विचारणा होते, कोण आलं गं? आणि दरवेळी मीच सांगते, मला सगळ्यांची माहिती असते ना. ह्यावेळी मी तोंड उघडणार नाही. आतोबांनाही बजावलंय. तुझा हेडक्लार्क बाजूला उभा असेल, मागे निळं प्लॅस्टिक असेल, आणि कोणीतरी विचारेलच, कोण आलं?

तुझं तू सांग.

आत्या